थांबण्याचे शास्त्र : एड्सगर डाइक्स्ट्रा

आपल्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एड्सगर डाइक्स्ट्रा हे नाव बहुधा एकाच ठिकाणी भेटते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत अभ्यासक्रमात आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी आकृती काढतो, गुण मिळवतो आणि नाव विसरून जातो. मला मात्र ह्या डच गणितज्ञाचे ऋण वाटते ते त्यांच्या दुसऱ्या एका कामासाठी. एकाच संगणकावर अनेक कामे जोडीने चालू असताना त्यांतले एखादे मध्येच थांबवावे कसे, आणि थांबलेले पुन्हा सुरू करावे कसे, हा तो विषय. प्रश्न ऐकायला अगदी साधा वाटतो. परंतु त्याच्या पोटात किती धोके दडलेले आहेत हे डाइक्स्ट्रांनी फार लवकर ओळखले आणि त्यांतून बाहेर पडण्याची वाटही दाखवली. त्यांचे चरित्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा प्रयत्न.

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ व शिक्षक होते. आई गणितात पारंगत होती, पण तिने कोठे नोकरी केली नाही. थोडक्यात आणि नेटक्या रीतीने सिद्धता मांडण्याची आवड मुलाने आईकडून घेतली. शाळेत असताना त्यांचा ओढा कायद्याकडे होता. संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे असे त्यांना वाटे. १९४८ साली शाळा संपली तेव्हा गुण पाहून घरच्यांनी त्यांना विज्ञानाकडे वळवले आणि ते लायडन विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्र शिकू लागले.

१९५१ साली केंब्रिजला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा एक छोटा वर्ग भरला. डाइक्स्ट्रा तेथे गेले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मार्च १९५२ पासून ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले. त्या काळी आज्ञावली लिहिणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे असे कोणी मानत नसे. भौतिकशास्त्र सोडून ह्या अनोळखी धंद्यात जावे की नाही ह्याचा त्यांना मोठा संभ्रम पडला. केंद्रातील त्यांचे वरिष्ठ आद्रियान फान वाइनगार्डन ह्यांनी त्यांना समजावले की संगणक आता राहणारच आहेत, आणि ह्या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत तुमचेही नाव असू शकेल. डाइक्स्ट्रा राहिले. १९५७ साली मारिया डेबेट्स ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा नोंदणीच्या कागदावर त्यांनी आपला व्यवसाय आज्ञावलीकार असा सांगितला; असा व्यवसायच नाही म्हणून तो मान्य झाला नाही आणि कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. जवळच्या मार्गाची ती प्रसिद्ध रीत त्याच्या आदल्याच वर्षीची. वाग्दत्त वधूबरोबर एका उपाहारगृहाबाहेर कॉफी घेत बसले असताना कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत ती त्यांना सुचली. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली.

आता मूळ विषयाकडे येतो. १९५७-५८ च्या सुमारास गणित केंद्रातील त्यांचे सहकारी ब्राम लूपस्त्रा आणि कारेल स्कोल्टन हे एक्स-१ नावाचा नवा संगणक रचत होते. तोपर्यंतच्या यंत्रांत मोठा वेळ वाया जात असे. टंकयंत्राला एक अक्षर उमटवायला सांगितले की ते उमटेपर्यंत संगणक ताटकळत उभा राही. नव्या यंत्रात अशी सोय केली की संगणकाने टंकयंत्राला काम सांगून आपल्या गणिताला लागावे. टंकयंत्राचे काम झाले की त्याने संगणकाला हटकावे. संगणकाने हातातले गणित बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहावे आणि मग गणित जेथे सोडले होते तेथून पुढे चालू करावे. ह्या हटकण्याला इंटरप्ट म्हणतात.

आपल्या भागातील वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. माझे गाव निंबर्गा आळंद तालुक्यातले, आणि हा तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागलेला. आमच्याकडे माणूस घरात मराठी बोलत असतो, तेवढ्यात दारात कोणी कन्नड बोलणारा येतो. वाक्य अर्धे सोडून माणूस त्याच्याशी कन्नडात बोलतो आणि तो गेल्यावर मराठी वाक्य सोडले होते त्याच शब्दापासून उचलतो. कोठवर आलो होतो आणि काय सांगायचे राहिले होते, एवढे मनात जपून ठेवले की झाले. संगणकही तसेच करतो. पुढची आज्ञा कोणती आणि हाताशी असलेले आकडे कोणते, एवढे तो टिपून ठेवतो, दुसरे काम करतो, आणि टिपण परत उचलून पहिल्या कामाला लागतो.

एक्स-१ चे सहकारी ह्या सोयीवर खूश होते. डाइक्स्ट्रा मात्र घाबरले, आणि काही काळ त्यांनी ह्या कल्पनेला विरोधच केला. त्यांच्या भीतीचे कारण असे : बाहेरून येणारे हटकणे कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकते. आज एका ठिकाणी आले, उद्या दुसऱ्या ठिकाणी येईल. त्यामुळे तीच आज्ञावली, तेच आकडे, तेच यंत्र, तरी प्रत्येक खेपेला कामाचा क्रम वेगळा. अशा आज्ञावलीत दोष असला तर तो वर्षातून एकदा डोके वर काढील आणि शोधायला जावे तर पुन्हा दिसणार नाही. आज्ञावली हजार वेळा बरोबर चालली ह्याचा अर्थ एवढाच की हटकणे त्या हजार वेळी सोयीच्या जागी आले. शेवटी सहकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले आणि इंटरप्ट सांभाळणारी आज्ञावली त्यांनीच लिहिली. ह्याच कामावर १९५९ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पण ती भीती त्यांनी सोडली नाही, आणि पुढचे सारे कार्य तिच्यातूनच जन्मले असे मला वाटते.

ही भीती किती रास्त होती ते एका उदाहरणाने पाहू. गावच्या सोसायटीत दोन कारकून आहेत आणि वही एक आहे. एका सभासदाच्या खात्यावर ५०० रुपये शिल्लक आहेत. पहिला कारकून १०० रुपये जमा करण्यासाठी वही पाहतो, मनात ६०० हा आकडा धरतो, आणि लिहिणार इतक्यात त्याला कोणी बाहेर बोलावते. तेवढ्यात दुसरा कारकून त्याच खात्यात २०० रुपये जमा करायला येतो. वहीत अजून ५००च आहेत, म्हणून तो ७०० लिहून मोकळा होतो. पहिला परत येतो आणि मनात धरलेले ६०० लिहितो. खात्यावर ८०० हवेत, दिसतात ६००. दोन्ही कारकून प्रामाणिक आहेत, दोघांचा हिशेब बरोबर आहे, तरी सभासदाचे २०० रुपये नाहीसे झाले. पहिला कारकून थांबला ही काही चूक नव्हे; तो नको त्या जागी थांबला आणि त्या वेळी वही दुसऱ्याच्या हाती पडू शकत होती, ही चूक.

आज ज्याला आपण थ्रेड म्हणतो तो म्हणजे एकाच आज्ञावलीतील असा एक कारकून. सगळ्या थ्रेडांची वही एकच, म्हणजे संगणकाची स्मृती सामायिक. थ्रेड हे नाव पुढे रूढ झाले. डाइक्स्ट्रा प्रक्रिया हा शब्द वापरीत. दुखणे मात्र तेच.

१९६० साली डाइक्स्ट्रा आणि याप झॉनेफेल्ड ह्यांनी अल्गोल-६० ह्या भाषेचा अनुवादक एक्स-१ वर तयार केला. काम पुरे होईपर्यंत दाढी करायची नाही असा दोघांचा पण होता. काम झाल्यावर झॉनेफेल्डांनी दाढी काढली, डाइक्स्ट्रांनी ती कायम ठेवली. १९६२ मध्ये ते आइंडहोवेनच्या तंत्रविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांनी आपल्या जुन्या भीतीला हात घातला.

उपाय सुचला तो रेल्वेच्या खांबावरून. हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात, तेच नाव त्यांनी आपल्या युक्तीला दिले. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्याकडेही पूर्वी पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरला लोखंडी गोळा किंवा तसलेच टोकन दिले जाई. ते हातात असल्याखेरीज गाडी पुढे न्यायची नाही. डाइक्स्ट्रांचा सेमाफोर म्हणजे अशा टोकनांची संख्या. तिच्यावर दोनच क्रिया करता येतात. पहिलीला त्यांनी पी हे अक्षर दिले : टोकन शिल्लक असेल तर एक घ्या आणि पुढे जा, नसेल तर तेथेच झोपा. दुसरीला व्ही : टोकन परत ठेवा, आणि कोणी झोपले असेल तर त्यांतल्या एकाला उठवा. ह्या दोन क्रिया चालू असताना मध्ये कोणालाही शिरता येत नाही. सोसायटीच्या वहीसाठी टोकन एकच ठेवले की वही एका वेळी एकाच कारकुनाकडे राहते. तो मध्येच बाहेर गेला तरी वहीला दुसरा कोणी हात लावू शकत नाही, म्हणून २०० रुपये हरवत नाहीत.

ह्या युक्तीतील खरी खोच संख्येत आहे, आणि ती मला आमच्या गावच्या पाण्याच्या पाळीवरून उमगते. सामायिक विहिरीवर भाऊबंदांच्या पाळ्या असतात. समजा, रात्री एकाची पाळी संपली की त्याने दुसऱ्याला हाक मारायची असे ठरले आहे. दुसरा आपली पाळी आली का हे पाहतो. आलेली नसते, म्हणून अंथरुणाकडे वळतो. नेमक्या त्याच वेळी पहिला येऊन हाक मारून जातो. ह्याला ती ऐकू येत नाही, हा झोपतो. आता हाक मारणारा निघून गेला आणि झोपणारा हाकेची वाट पाहत झोपला. सकाळपर्यंत पाणी कोणाच्याच शेतात जात नाही. उठवणे आधी आणि झोपणे नंतर असा क्रम झाला की नुसती हाक वाया जाते. त्याऐवजी पहिल्याने दाराशी एक खूण ठेवली तर दुसरा झोपण्यापूर्वी ती पाहील आणि झोपणारच नाही. सेमाफोरची संख्या म्हणजे ही दाराशी ठेवलेली खूण. उठवणे आधी आले तरी ते हरवत नाही.

१९६५ साली त्यांनी ह्या विषयावर दोन महत्त्वाची लेखने केली. एक अवघ्या पानभराचा लेख होता. हव्या तितक्या प्रक्रिया असल्या तरी सामायिक वस्तू एका वेळी एकीच्याच हाती कशी राहील हे त्यांनी त्यात सिद्ध करून दाखवले. दुसरे दीर्घ टिपण होते, सहकार्याने चालणाऱ्या प्रक्रियांवरचे. दोघांनी एकमेकांना कायमचे अडकवून ठेवण्याचा प्रकारही त्यांनी त्यात तपासला. एकाच्या हाती दोर, दुसऱ्याच्या हाती बादली, आणि दोघेही दुसऱ्याची वस्तू मिळेपर्यंत आपली सोडायला तयार नाहीत. मग पाणी कोणीच काढू शकत नाही. पाच तत्त्वज्ञ आणि त्यांचे पाच काटे ह्यांचे जे उदाहरण आपण वर्गात शिकतो, ते मुळात डाइक्स्ट्रांनी विद्यार्थ्यांना घातलेले कोडे होते. त्याला तत्त्वज्ञांचे रूप त्यांचे मित्र टोनी होर ह्यांनी दिले.

ह्या विचारांची कसोटी लागली ती टी.एच.ई. ह्या कार्यप्रणालीत. विद्यालयाच्या नावाची ती आद्याक्षरे. एक्स-८ ह्या संगणकासाठी लहानशा गटाने ती रचली. त्या यंत्राची मुख्य स्मृती होती ३२ हजार शब्दांची. आजच्या साध्या भ्रमणध्वनीपुढे ती नगण्य ठरेल. प्रणाली एकावर एक थर रचून बांधली होती. सर्वांत खालच्या थराचे काम एकच : कोणत्या प्रक्रियेने चालायचे, कोणत्या थांबल्या आहेत आणि कोणाला उठवायचे हे पाहणे. एकदा तो थर बिनचूक ठरला की वरच्या थरांना इंटरप्ट नावाची काही वस्तू आहे हे कळण्याचेसुद्धा कारण उरत नाही. प्रत्येक थर आधी तर्काने तपासायचा आणि मगच त्यावर पुढचा चढवायचा अशी पद्धत ठेवली होती. चाचणीत सापडल्या त्या किरकोळ लेखनचुका. थांबण्या-चालण्याचा गोंधळ सापडला नाही. १९६८ साली ह्या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आज्ञावलीत मनमानी उड्या मारणाऱ्या गो-टू ह्या आज्ञेविरुद्धचे त्यांचे पत्र छापले गेले आणि जगभर वाद माजला.

बाहेर कीर्ती वाढत असताना घरात मात्र अंधार होता. विद्यालयातील त्यांच्या विभागाला ह्या कामाचे मोल वाटले नाही, टी.एच.ई. रचणारा गट मोडला गेला, आणि पुढे काय करावे हे त्यांना सुचेना. ते खोल नैराश्यात गेले. कित्येक महिन्यांनी धीर एकवटून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली, ती मुख्यतः स्वतःला बरे करण्यासाठी. १९६९ मध्ये लिहिलेले ते टिपण म्हणजे रचनाबद्ध आज्ञावलीविषयीचे त्यांचे विख्यात लेखन. ते त्यांनी मोजक्या परिचितांना पाठवले. त्यांनी प्रती काढल्या, आणि ते हातोहात सर्वत्र पोहोचले. एका पिढीची काम करण्याची रीत त्याने बदलली.

१९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन ह्या गावी बहुतांशी घरीच काम करीत. १९८४ मध्ये ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात गेले आणि १९९९ साली निवृत्त झाले. ते आपली बहुतेक टिपणे फाउंटन पेनाने स्वच्छ अक्षरात लिहीत, त्यांवर आपली आद्याक्षरे व क्रमांक घालीत आणि प्रती मित्रांना पाठवीत. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांच्या मागे राहिली. २००२ साली आजारपणात ते न्यूनेनला परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांचे म्हणणे विसरले की काय होते, हे पुढे जगाने पाहिले. जावा ही भाषा आली तेव्हा तिच्यात एका थ्रेडने दुसऱ्याला बाहेरून थांबवण्याची आणि पुन्हा चालू करण्याची सोय होती. सस्पेंड आणि रिझ्यूम अशी तिची नावे. थांबवणाऱ्याला कळत नसे की थांबणाऱ्याच्या हातात त्या क्षणी कोणत्या खोलीची किल्ली आहे. किल्ली हातात घेऊनच तो गोठला, आणि त्याला जागे करणाऱ्यालाही तीच किल्ली हवी असली, तर दोघेही कायमचे अडकले. म्हणून १९९८ सालीच ही सोय वापरू नये असे जाहीर झाले, आणि २०२३ च्या आवृत्तीत ती बंद करण्यात आली. युनिक्स पद्धतीच्या संगणकांसाठी १९९५ साली थ्रेडांचे जे मानक ठरले, त्यात अशी सोय मुळातच ठेवलेली नाही.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानातला संगणक वरचेवर आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामान टिपणारे कमी महत्त्वाचे काम सामायिक वस्तूचे कुलूप धरून बसे. मधल्या महत्त्वाची कामे त्याला बाजूला सारून पुढे जात, आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपापाशी ताटकळत राही. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून यान सावरले. कुलूप धरलेल्याला तेवढ्यापुरते ताटकळणाऱ्याच्या बरोबरीचे महत्त्व द्यायचे, अशी ती दुरुस्ती होती.

हा विचार आपल्याजवळ पुण्यातही पोहोचला आहे. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या इंग्लंडमधील प्रोसेसरांचा बनवला होता. ह्या प्रोसेसराची रचना होर ह्यांच्या विचारांवर झाली होती. एका प्रक्रियेला दुसरीकडून निरोप हवा असेल तर ती आपण होऊन बाजूला होई, आणि निरोप येताच पुन्हा रांगेत लागे. ही व्यवस्था आज्ञावलीत नव्हे, प्रोसेसरातच घडवलेली होती.

विद्यार्थी मित्रहो, डाइक्स्ट्रांच्या ह्या कामाचे सार मला असे दिसते : दुसऱ्याला बाहेरून गोठवू नये. ज्याने थांबायचे त्याने स्वतः, ठरलेल्या जागी, हातातली वस्तू खाली ठेवून थांबावे. उठवणाऱ्याने हाक वाया जाणार नाही अशी खूण ठेवावी. आणि हे सारे सर्व क्रमांत खरे ठरते हे कागदावर सिद्ध करावे. पुढच्या खेपेला प्रयोगशाळेत तुमची आज्ञावली दहा वेळा चालून अकराव्यांदा अडकली, तर यंत्राला दोष देऊन पुन्हा सुरू करू नका. कागद घ्या, आणि प्रत्येक थ्रेड जेथे थांबतो तेथे त्याच्या हातात काय असते ते लिहून काढा. दोष बहुधा त्याच कागदावर सापडेल.